कुंडी घेण्याआधी मुळांचं माप घ्या

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सुदामानगरचं जुनं घर सोडून त्या बायपासकडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आहेत. अंगण गेलं, म्हणून घरातच झाडं ठेवायची आहेत. सोफ्याशेजारी ठेवायला त्यांनी १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच असा सिरॅमिकचा प्लॅन्टर आणला आहे, त्याच्या तळाला भोक नाही. सासूबाईंचं पितळी घंगाळ आहे, एक वेताची टोपली आहे आणि टीव्हीखाली बसेल अशी फायबरची लांबट ट्रे आहे. झाडांत ८ इंची पिशवीतला एरिका पाम, ६ इंची कुंडीतला रबर प्लांट, तीन छोटे स्नेक प्लांट, एक पीस लिली आणि मनी प्लांट. मागच्या पावसाळ्यात त्यांची दोन झाडं मोठ्या कुंडीत लावल्यावर कुजून गेली. आता त्या विचारतात: कुठल्या झाडाला केवढी कुंडी? थेट प्लॅन्टरमध्ये लावू की आत लायनर ठेवू? आणि तळाशी गिट्टी घालू का?

ताई, तुमच्या चारही भांड्यांपैकी एकातही थेट माती भरू नका. झाड राहील आतल्या भोकाच्या कुंडीत, आणि ती कुंडी बसेल तुमच्या देखण्या भांड्यात. या आतल्या कुंडीलाच दुकानदार लायनर म्हणतात, नर्सरीवाले नुसतं ‘प्लास्टिक पॉट’ म्हणतात. बाहेरचं भांडं खोलीला शोभेल असं घ्या, आतलं मुळांना मानवेल असं. गडबड होते ती क्रमात. आपण आधी आवडलेलं भांडं आणतो आणि मग त्यात झाड कोंबतो किंवा हरवून टाकतो. आधी मुळांचा गड्डा मोजायचा, त्यावरून आतली कुंडी ठरवायची आणि तिच्यावरून बाहेरचं भांडं. भांडं आधीच घरात असेल, तर त्यात बसणारी आतली कुंडी शोधायची आणि त्या कुंडीला साजेसं झाड ठेवायचं.

तुमची दोन झाडं का गेली असावीत, ते आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. कुंडीचं माप आपण इंचात बोलतो, पण झाडाला लागते माती, आणि मातीचं मोजमाप घनफळात होतं. कुंडी ८ इंचीवरून १० इंची केली, की आतली माती जवळजवळ दुप्पट होते. ६ इंचीवरून थेट १० इंचीवर गेलात तर साडेचार पटींहून जास्त. तुमच्या सिरॅमिकच्या प्लॅन्टरमध्ये काठोकाठ माती भरली तर ती पंचवीसएक लिटर होईल, आणि एरिकाच्या पिशवीतला गड्डा आहे चार-पाच लिटरचा. म्हणजे पाणी प्यायला मुळं एका भागात आणि उरलेल्या चार भागांत नुसती ओली माती. ते पाणी कोणी ओढत नाही. मातीतल्या फटींत हवा असते, तिथे पाणी भरून राहतं, मुळांचा श्वास कोंडतो आणि कूज लागते. वरून माती कोरडी दिसते म्हणून आपण आणखी पाणी घालतो. पानं पिवळी पडली की वाटतं पाणी कमी पडलं, आणि परत एक तांब्या ओततो.

माळव्यात यात आणखी एक भर पडते. आपली काळी माती शेतात सोनं आहे, कपाशी-सोयाबीन तिच्यावरच पोसतात, पण बंद खोलीतल्या कुंडीत ती झाडाला जड जाते. तिचे कण फार बारीक. पाणी मिळालं की ती फुगते आणि चिकटून बसते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि गड्डा आतून कोरडाच राहतो. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की घरातली मोठी कुंडी आठ-आठ दिवस सुकत नाही. उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीतही तसंच होतं, बाहेर ४२ अंश असले तरी. एसीच्या खोलीत उलट, तिथे हवा कोरडी असल्यामुळे छोट्या कुंड्या लवकर वाळतात. म्हणून एकाच शहरात, एकाच मजल्यावर दोन घरांचं पाण्याचं वेळापत्रक सारखं नसतं.

आता गिट्टी. तळाशी दोन-तीन इंच खडे घातले की पाण्याचा निचरा होतो, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. भोक नसलेल्या भांड्यात तर हमखास करतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी मोठ्या खड्यांच्या फटींत सहज उतरत नाही. माती ते धरून ठेवते, आणि तिचा खालचा थर पूर्ण भिजेपर्यंत थेंब खाली पडत नाही. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक ओला थर कायम राहतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडे घातले की तो थर नाहीसा होत नाही, फक्त तेवढाच वर, मुळांच्या जवळ सरकतो. घरीच बघायचं असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. पसरट कुंडी म्हणजे आडवा स्पंज, उंच कुंडी म्हणजे उभा. त्यामुळे सारख्याच मातीची उथळ कुंडी जास्त काळ ओली राहते. मातीखाली खडे घालून आपण उंच कुंडी उथळ करून टाकतो.

गिट्टी फेकू नका मात्र. तिचा उपयोग आतल्या कुंडीखाली, बैठक म्हणून आहे. मातीच्या आत खडे आणि कुंडीच्या खाली खडे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मुळं मोजायची कशी? झाडाला आदल्या दिवशी पाणी द्या, कुंडी आडवी धरून बाजूंनी दाबा आणि गड्डा अलगद बाहेर काढा. मुळं भोवती गोल फिरून जाळं झालं असेल, भोकांतून बाहेर आली असतील, घातलेलं पाणी क्षणात खाली जात असेल, तरच झाड मोठ्या कुंडीत हलवायची वेळ आली. बोटांना माती जास्त आणि मुळं कमी लागली तर आहे तिथेच राहू द्या. हलवायचं ठरलं तर ८ इंचापर्यंतच्या कुंडीला पुढची कुंडी एक ते दोन इंच मोठी, त्यापुढे दोन, फार तर तीन इंच. याहून मोठी उडी कुणीही सांगितली तरी घेऊ नका.

झाडागणिक फरक असतो. एरिका गर्दीत वाढतो, त्याची मुळं खाली जातात. त्याला उंच, जराशी तंग कुंडी मानवते, म्हणून तुमच्या एरिकाला १० इंची. रबर प्लांट ६ वरून ८ वर न्या आणि तिथे वर्षभर राहू द्या. स्नेक प्लांटची मुळं उथळ, पण जमिनीखालचे कंद आडवे सरकतात आणि पातळ प्लास्टिकची कुंडी चक्क फाडतात. ती फुगलेली दिसेपर्यंत त्याला हात लावू नका. पीस लिली तंग कुंडीत जास्त फुलते. पाणी कमी पडलं की ती मान टाकते आणि पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहते, त्यामुळे तिची चूक लवकर कळते आणि लवकर सुधारता येते. मनी प्लांटला ६ इंची बरीच वर्षं पुरते. पुढे कधी झी-झी प्लांट घ्यावासा वाटला तर त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठतं, म्हणून त्याला लहानात लहान कुंडी द्या.

आता तुमचा सिरॅमिकचा प्लॅन्टर. बाहेरून १४ इंच म्हणजे आतून १४ नाही. सिरॅमिकची भिंत पाऊण इंच धरा, म्हणजे तोंडाशी आतला व्यास साडेबारा. शिवाय बहुतेक प्लॅन्टर खाली निमुळते होतात. म्हणून टेप फक्त तोंडाला लावून थांबू नका, कुंडीचा तळ ज्या उंचीवर टेकणार तिथलाही व्यास घ्या. नर्सरीच्या कुंडीचं माप तिच्या वरच्या काठाचं असतं, आणि तो काठ बाहेर वळलेला असतो. बाहेरच्या भांड्याचं तोंड त्या काठापेक्षा किमान दीड-दोन इंच मोठं हवं, म्हणजे चारी बाजूंनी बोट जाईल एवढी जागा राहते. घट्ट बसलेली कुंडी उचलता येत नाही, मग कोणी ती उचलतही नाही आणि तळाशी काय साठलंय ते कळत नाही. तुमच्या प्लॅन्टरमध्ये १० इंची कुंडी चांगली बसेल. १२ इंची घातलीत तर अडकेल.

उंचीचा हिशेब वेगळा करायचा. प्लॅन्टर आतून सुमारे १५ इंच खोल, १० इंची कुंडी साधारण साडेनऊ इंच उंच, आणि तिचा काठ प्लॅन्टरच्या काठाच्या एक इंच खाली दिसायला हवा. म्हणजे खाली साडेचार इंचांची बैठक लागेल. ५ इंची जुनी नर्सरीची कुंडी उलटी ठेवा, ती जवळजवळ याच उंचीची असते. विटेचा तुकडाही चालेल, पण वीट पाणी शोषून ओली राहते आणि तिच्यावर पांढरं क्षार चढतं, प्लास्टिक बरं. त्या साडेचार इंचांत निथळलेलं पाणी पडलं तरी मुळांना ते लागत नाही. वरची गोल फट सुक्या नारळाच्या काथ्याने किंवा लाकडाच्या सालीच्या तुकड्यांनी झाका, मातीने भरू नका.

मोठी कुंडी बसवण्याआधी तिच्याखालून नायलॉनच्या दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या घाला आणि टोकं वर आणून काथ्याखाली लपवा. उचलताना त्यांनाच धरायचं. सुती पट्टी काही महिन्यांत कुजते. कुंडी आणि प्लॅन्टर यांच्यामधल्या फटीत इलेक्ट्रिकच्या वायरिंगच्या पाइपचा एक तुकडा उभा ठेवा. त्यातून बांबूची काडी तळापर्यंत घातली की खाली किती पाणी आहे ते कळतं. ही दोन साधनं मी प्रत्येक मोठ्या कुंडीला लावतोच. १२ इंची कुंडी पाणी दिल्यावर पंधरा-वीस किलोच्या घरात जाते, ती कोणी दर आठवड्याला उचलून बाथरूममध्ये नेणार नाही. असल्या कुंडीला पाणी मोजून द्यावं लागतं आणि काडी बघावी लागते. चाकाचा स्टँड घेणार असाल तर झाड बसवण्याआधी घ्या.

दिसण्याचाही विचार करा, तो वरवरचा नाही. जमिनीवर ठेवलेल्या झाडात भांड्याची उंची एकूण उंचीच्या पाव ते एक तृतीयांश असली की डोळ्याला बरं वाटतं आणि झाड कलंडतही नाही. तुमचा १६ इंची प्लॅन्टर साडेतीन-चार फुटांच्या एरिकाला शोभेल. दीड फुटाचा रबर प्लांट त्यात बुडून जाईल. पुढे कधी शेवाळ गुंडाळलेल्या (मॉसच्या) काठीवर चढवलेला मॉन्स्टेराचा वेल ठेवला तर हलक्या फायबरच्या भांड्यात तळाशी वजन टाकावं लागतं, सिरॅमिकला त्याची गरज नाही.

घंगाळाबद्दल माझी एक विनंती आहे. त्याला भोक पाडू नका. नर्सरीत कुणीतरी म्हणेल, ‘ड्रिल मारून देतो.’ देऊ नका. पितळेत तांबं असतं. ओल्या, खत घातलेल्या मातीशी त्याचा संबंध आला की धातू हिरवा पडतो, आणि त्यातून सुटलेलं तांबं मुळांना बाधतं. आतून कल्हई असेल तरी ती झिजते. शिवाय घंगाळ रुंद आणि उथळ, म्हणजे मघाचा आडवा स्पंज. त्यात एकच मोठी उथळ कुंडी बसवण्यापेक्षा तीन छोट्या कुंड्या त्रिकोणात ठेवा. ६ इंची तीन कुंड्या एकमेकींना टेकून बसायला १३ इंच व्यास लागतो. तुमचं घंगाळ तोंडाशी १६ इंच असेल आणि पोटात फार निमुळतं नसेल तर सहज मावतील. त्याचा तळ गोलसर असतो, म्हणून आधी खाली एक सपाट काठाची प्लास्टिकची परात ठेवा, तीच तुमची बिनभोकाची लायनर. कुंड्या तिच्यात, मध्ये काथ्या. तुमचे तिन्ही स्नेक प्लांट इथेच ठेवा, त्यांना पाणी क्वचित लागतं, धातूला ओल कमी लागेल. सणाला घंगाळ चिंचेने घासाल तेव्हा कुंड्या बाहेर काढून ठेवा, ते आंबट-खारट पाणी मातीत जाता कामा नये. इतक्या जुन्या वस्तूला घरात पुन्हा जागा मिळते आहे, तर ती आहे तशीच पुढच्या पिढीला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

वेताच्या टोपलीलाही अशीच पूर्ण बंद, बिनभोकाची लायनर हवी. बाजारात नारळाच्या काथ्याचं अस्तर मिळतं, ते लोखंडी जाळीच्या बाहेर टांगायच्या टोपल्यांसाठी असतं. त्यातून पाणी झिरपतं, घरात ते फरशीवर येईल आणि वेत खालून काळा पडेल. टोपलीत प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, तोही पहिल्या कात्रीच्या टोकाने फाटतो. सरळ टोपलीच्या तळाएवढी, दोन इंच काठ असलेली प्लास्टिकची खोल थाळी बसवा, तिच्यात पीस लिलीची कुंडी. लिलीला ओल चालते, त्यामुळे चुकून अर्धा इंच पाणी साठलं तरी ती लगेच रुसणार नाही.

फायबरच्या ट्रेमध्ये सलग माती भरू नका. एका झाडाला जास्त पाणी झालं तर सगळी ट्रे नासते आणि एक झाड बदलायचं तर सगळ्यांची मुळं तुटतात. आतून ७ इंच रुंद असेल तर ६ इंची कुंड्या ओळीने ठेवा. मनी प्लांट तिथे छान लोंबेल. टीव्हीखाली उजेड कमी असतो, म्हणून दोन जोड्या करून दर पंधरा दिवसांनी खिडकीतल्या कुंड्यांशी अदलाबदल करा.

आपोआप पाणी देणाऱ्या, वातीच्या कुंड्यांबद्दल एवढंच: उन्हाळ्यात गावाला जाताना उपयोगी, पावसाळ्यात त्यांची टाकी रिकामी ठेवा.

मातीचं मिश्रण हलकं करा. मी तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके खडे) किंवा भाताचं जळालेलं तूस आणि एक भाग जाडी वाळू घेतो. वाळू बांधकामाची असली तर चाळून बारीक भाग टाकून द्या, धुऊन घ्या. स्नेक प्लांटसाठी वाळू आणि पर्लाइट दुप्पट. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरून पाणी घेत नाही, ते बाजूने निघून जातं. अशा वेळी कुंडी अर्ध्या तासासाठी बादलीत बसवा, खालून भिजेल. आपल्या नर्सऱ्यांत बरीच रोपं पुण्याहून नाहीतर आंध्रातल्या कडियमहून येतात, आणि पुष्कळदा मुळांभोवती लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच हलक्या मिश्रणात ठेवला की बाहेरची माती वाळते, आतला गोळा ओला राहतो. बादलीत भिजवून बोटांनी बाहेरची अर्धी-एक इंच माती हळूच सोडवा. पूर्ण धुऊन मुळं उघडी करू नका, एरिकाला ते सहन होत नाही.

पाणी घालताना लहान कुंडी बाहेर काढा, बाथरूममध्ये न्या, भोकातून पाणी वाहेपर्यंत घाला, वीस-तीस मिनिटं निथळू द्या आणि मग भांड्यात ठेवा. यासाठीच तर आपण लायनरचा खटाटोप केला. बऱ्याच वस्त्यांत नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि झाडांना बोरिंगचं जातं. बोरिंगचं पाणी जड असतं, मातीवर आणि काठावर पांढरा थर बसतो, पानांची टोकं करपतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट नर्मदेचं किंवा पावसाचं पाणी घालून क्षार वाहून जाऊ द्या. तळाशी निथळलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर तेच क्षार परत वर येतात.

तळाचं पाणी ओतायचं आणखी एक कारण आहे आणि ते झाडापेक्षा घरातल्या माणसांशी संबंधित आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. प्लॅन्टरच्या अंधाऱ्या तळाकडे कोणाचं लक्ष जात नाही. पाऊस सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एक ठरलेला वार धरा. त्या दिवशी परात, थाळी आणि ट्रे रिकाम्या करून आतली बाजू घासा, कारण अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. सिरॅमिकच्या प्लॅन्टरमधली एरिकाची कुंडी दोघांनी पट्ट्यांना धरून उचलावी.

हलवाहलवीची वेळ फेब्रुवारी अखेर ते मार्च, नाहीतर पहिला पाऊस पडून उकाडा उतरला की. नोव्हेंबर ते जानेवारी इंदूरची रात्र गार असते, कधी कधी १० अंशांच्या खालीही जाते, मुळं मंदावतात, तेव्हा झाड बदलू नका. तुमच्या यादीतलं एरिका आणि रबर प्लांट एवढीच दोन झाडं मोठ्या कुंडीत हलवायची आहेत, तीही गड्डा काढून मुळांचं जाळं दिसलं तरच. बाकीच्यांची आहे तीच कुंडी धुऊन भांड्यात ठेवा. एरिका आधी घ्या. हलवल्यावर दोन आठवडे त्याला खत देऊ नका, उन्हात ठेवू नका आणि खालची एक-दोन पानं पिवळी पडली तर ती देठाशी कापून टाका. नवीन पानाची सुई वर सरकलेली दिसली की मुळं लागली असं समजा.